वर्षाला १८,००० रुपये द्यायचेच आहेत, तर एकदम द्यावेत की महिन्याला १५००?

टिपणवही
समजा एक कुटुंब आहे. दोन एकर कोरडवाहू कापूस, नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि घरात एक म्हातारी. रेशनवर धान्य मिळतं. पेरणीला आणि दवाखान्याला महिना शेकडा पाचने पैसे उचलतात. या घराला कुणी वर्षभरात १८,००० रुपये रोख द्यायला तयार आहे. सरकारी योजना धरा किंवा एखाद्या मंडळाचा निधी धरा. अट कसली नाही, हिशेबही मागायचा नाही.

प्रश्न एवढाच: महिन्याला १५०० द्यावेत की एकदम १८,०००? कोणत्या पद्धतीने त्या घराचं काय बदलतं? 'रोख नको, वस्तू द्या' आणि 'दारूत जातील' हे मुद्दे येणारच, पण शक्य तेवढं मूळ प्रश्नाला धरून लिहा.

अंकगणित
या प्रश्नावर थेट प्रयोग झालेत, तेही केनियात. २०११ ते २०१३ या काळात गिव्हडायरेक्टली या संस्थेने पश्चिम केनियातल्या गरीब घरांना मोबाइलवरून विनाअट पैसे दिले. कुणाला एकरकमी आणि कुणाला महिन्याला, कुणाच्या घरी नवऱ्याच्या नावे आणि कुणाच्या घरी बायकोच्या, हे सगळं चिठ्ठ्या टाकून ठरवलं. हाउसहोफर आणि शपिरो यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. महिन्याला मिळालेल्यांच्या घरी पोटाची सोय सुधारली. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, त्यातही गवती छप्पर काढून पत्रे घालणारे खूप होते. ही चैन नव्हे. गवत पुन्हा पुन्हा बदलावं लागतं, तो खर्च कायमचा सुटतो.

नंतरचा प्रयोग आणखी मोठा होता, २९५ गावांचा. काही गावांना १२ वर्षं दरमहा, काहींना २ वर्षं दरमहा, काहींना त्या दोन वर्षांएवढी रक्कम एकदम, आणि उरलेल्यांना काही नाही. २०२३ मध्ये त्याचे आकडे आले. धंदा उभा करण्यात एकरकमीवाले दोन वर्षंवाल्यांच्या पुढे निघाले. गंमत अशी की १२ वर्षंवालेही जवळपास एकरकमीवाल्यांएवढेच पुढे होते. का, ते ओळखा पाहू.

मधलीसुट्टी
एकदम दिले तर दीर येऊन दारात बसतो, महिन्याला दिले तर किराणावाला. बसणार कुणीतरी आहेच.

सातबारा_वाचक
केनियाचं केनियात. टिपणवहींनी दिलेल्या घराचा जूनचा हिशेब मांडतो.

दोन एकरांना बीटी कापसाची ४ पाकिटं लागतात. २०२५च्या हंगामात बीजी-टू (बीटी बियाण्याचा प्रकार) पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती, म्हणजे ३६०४. डीएपीच्या दोन गोण्या १३५० प्रमाणे २७००. युरियाच्या ४५ किलोच्या चार गोण्या २६६.५० प्रमाणे १०६६. एकूण ७३७०. यात नांगरट, निंदणी, फवारणी काहीच धरलेलं नाही.

हे ७३७० जूनमध्ये शेकडा पाचने उचलले आणि पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस विकून डिसेंबरात फेडले, तर सहा महिन्यांचं व्याज होतं २२११ रुपये. पीएम किसानचा एक हप्ता २००० चा. म्हणजे एक अख्खा हप्ता नुसत्या व्याजात गेला, वर २११ पदरचे.

दुसरा मार्ग कृषी सेवा केंद्राच्या उधारीचा. तिथे व्याज पावतीवर दिसत नाही, भावात दिसतं. शिवाय उधारीवाल्याला निवड नसते. दुकानदार देईल तेच वाण घ्यायचं, आणि डीएपीसोबत नको असलेली एखादी बाटली किंवा विद्राव्य खताची पिशवीही गळ्यात पडते. रोखीने घेणारा निदान दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. म्हणून माझं मत एकदम द्या, आणि मे संपायच्या आत द्या. ऑगस्टमध्ये दिलेले १८,००० आणि मेमध्ये दिलेले १८,००० यांत, ऑगस्टमध्ये उसनवारी लगेच फेडली तरी, निदान दोन महिन्यांच्या व्याजाचा म्हणजे ७३७ चा फरक आहे.

निळी शाई
सातबारा_वाचक, हिशेब चोख आहे, पण तुम्ही घर शेतापासून सुरू करताय. म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला लागतात, खरीप असो नसो. रेशनचं धान्य फुकट आहे, पण प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. त्यात तेल, डाळ, मीठ-मिरची नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात निंदणीची कामं संपलेली असतात आणि वेचणी लागलेली नसते. तेव्हा घरात डाळ पातळ होते आणि गोळ्या एक दिवसाआड होतात. मेमध्ये दिलेले १८,००० तोवर शिल्लक राहतात का?

अंकगणित यांनी दिलेला पहिला निष्कर्षच हे सांगतो. पोट महिन्याच्या पैशाने भरलं.

खरडेबाज
दारूचा मुद्दा कुणीच काढेना, तर मीच काढतो. लोकांना फुकट पैसा मिळाला की गुत्ते चालतात.

अंकगणित
@खरडेबाज, यावर एकोणीस अभ्यास एकत्र तपासून झालेत (इव्हान्स आणि पोपोवा). दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाही, सरासरीने किंचित कमीच झाला. मेक्सिकोच्या प्रोग्रेसा योजनेत (१९९७पासून, पैसे आईच्या हातात) हिशेब केला तेव्हा दर पेसोमागे ७४ सेंटावो खाण्या-खर्चात गेले आणि बाकी जनावरं, जमीन, लहान धंदा यांत गुंतवले गेले.

निळी शाई
सरासरी मान्य. पण ज्या घरात पिणारा आधीच आहे त्या घराला सरासरीचा काय उपयोग? तिथे खरा प्रश्न एटीएम कार्ड आणि पिन कुणाकडे आहे हा. खातं बायकोचं आणि कार्ड नवऱ्याच्या खिशात असेल, तर नावापुरतं तिचं. अशा घरी कार्ड घेऊच नये. अंगठ्यावर पैसे काढावेत, म्हणजे तिला स्वतः जावं लागतं.

मधलीसुट्टी
आणि मग नवरा गाडीवर बसवून नेतो, पेट्रोलचे शंभर कापून घेतो.

पासबुक_नोंद
अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण दिलेला पैसा कुठे अडकतो हे कळल्याशिवाय 'एकदम की महिन्याला' हे ठरवता येणार नाही.

सरकारी योजनेचा पैसा बहुतेक वेळा खाते क्रमांकावर येत नाही, आधार क्रमांकावर येतो. कोणत्या आधारचा पैसा कोणत्या बँकेत टाकायचा याची यादी एनपीसीआय या बँकांमधले डिजिटल व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेकडे असते. तिथे एका आधारपुढे एकच बँक असते, आणि जी सगळ्यात शेवटी जोडली ती. इथे तीन घोळ होतात.

पहिला: 'खात्याला आधार जोडलंय' म्हणजे बँकेत केवायसी झालं, एवढंच. एनपीसीआयच्या यादीत नाव गेलंच असं नाही. त्यासाठी बँकेत वेगळा संमती-फॉर्म भरावा लागतो. शाखेत 'आधार लिंक करा' न म्हणता 'डीबीटीसाठी सीडिंग करा' असं म्हणावं (डीबीटी म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात, सीडिंग म्हणजे त्या यादीत बँक जोडणं).

दुसरा: बाईचं जनधन खातं एका बँकेत. मग बचतगटासाठी दुसरीकडे उघडलं, मग कुणी टॅब घेऊन दारात आला आणि पाच मिनिटांत तिसरं उघडून गेला. पैसा आता तिसऱ्या खात्यात पडतो, आणि ती पहिल्याचं पासबुक भरून 'आला नाही' म्हणते. यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव कळतं. खाते क्रमांक तिथे पूर्ण दिसत नाही, तो त्या बँकेत जाऊन विचारायचा.

तिसरा: कर्ज थकलेल्या खात्यात पैसा आला की बँक 'होल्ड' लावते. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नका अशा सूचना सरकार वेळोवेळी काढतं. शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. तोंडी बोलून होल्ड निघत नाही.

काढताना बँकमित्राच्या (गावात बँकेचे व्यवहार करणारा प्रतिनिधी) यंत्रावर निंदणी-वेचणी करणाऱ्या बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे ठसे उमटत नाहीत. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून बघावं. व्यवहार फसला पण खात्यातून रक्कम गेली, तर पावती फेकू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एटीएम आणि मायक्रो-एटीएमवर अशी रक्कम पाच दिवसांत परत आली पाहिजे, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. मागितल्याशिवाय पदरात पडेल या आशेवर राहू नये. आणि बँकमित्राने हजारामागे दहा-वीस कापणं नियमात नाही. त्याला कमिशन बँक देते.

महिन्याला हप्ता म्हणजे वर्षातून बारा वेळा हा सगळा फेरा, बारा वेळा बुडालेली मजुरी. एवढंही जमेस धरा.

रानवारा
पासबुक_नोंद, वाचनखूण साठवली.

पाटीपेन्सिल
अवांतर आहे पण संबंधित. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आधी माणशी ५ किलो धान्य मिळायचं, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये रोख सुरू झाले, म्हणजे किलोला ३० रुपये. २०२४ मध्ये १७० केले. धान्याचा भाव वाढला तरी ५ किलो हे ५ किलोच राहतात. रोखीचं तसं नाही, शासन निर्णय निघेपर्यंत ती आहे तिथेच. पीएम किसान २०१९ पासून ६००० वरच आहे. त्याच पैशात आज काय येतं ते वर खताच्या हिशेबात दिसलंच.

खरडेबाज
म्हणजे वस्तूच द्या ना. मी तेच म्हणतोय.

पाटीपेन्सिल
तसं नाही म्हटलं. रोख महागाईला बांधा, असं म्हटलं. आणि वस्तूने गोळ्याही येत नाहीत आणि डीएपीही.

सातबारा_वाचक
वस्तू म्हटल्यावर शेळ्या आठवल्या. वाटपाच्या योजनेत सगळा तालुका एकाच आठवड्यात खरेदीला उतरतो. भाव चढतात, दात झिजलेल्या म्हाताऱ्या शेळ्या गळ्यात मारल्या जातात, लांबच्या बाजारातून आणलेला कळप रोग घेऊन येतो. तीच रक्कम रोख दिली तर माणूस ओळखीच्याकडून, दात बघून, दोन-चार दाती, शक्यतो एक वेत झालेली शेळी घेतो. आणल्यावर दोन-तीन आठवडे गोठ्यातल्या जनावरांपासून वेगळी बांधायची, पीपीआरची (शेळ्यांचा साथीचा रोग) लस झालीय का विचारायचं, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची द्यायची. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत पिल्लं. १५०० च्या हप्त्यातून मात्र शेळी येत नाही, हा माझ्या बाजूचा मुद्दा.

रानवारा
टिपणवहींच्या घराकडे निदान दोन एकर नावावर आहेत. बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) दुसऱ्याची जमीन करणाऱ्याला पीएम किसान नाही, कारण सातबारावर नाव मालकाचं. भूमिहीन मजुराला तर नाहीच. ओडिशाच्या कालिया योजनेने हे ओळखून बटईदारही घेतले आणि भूमिहीनांना शेळ्या, कोंबड्या, अळिंबी अशा कामांसाठी १२,५०० ठेवले. तेलंगणाच्या रयतू बंधूने उलटं केलं. २०१८ मध्ये एकरी, हंगामाला ४००० दिले. जास्त जमीन त्याला जास्त पैसे, आणि कसणाऱ्या कुळाच्या हाती काही नाही.

आणखी एक गट म्हणजे नवरा गेला आणि वारसनोंद राहून गेली अशा बायका. हप्ता बंद होतो आणि कारण कुणी सांगत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून, अर्ज करायचा. नोटिशीची मुदत संपून मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार (नावबदलाची नोंद) मंजूर केला की सातबारावर नाव येतं. त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक, आणि मग नवी नोंदणी. दिरांनी हरकत घेतली की सगळं लांबतं. थेट मदत 'थेट' नसते, ती कागदावरून चालत येते.

अंकगणित
माझ्या कोड्याचं उत्तर कुणी दिलं नाही. १२ वर्षंवाल्यांनी भिशी लावली! पैसा पुढची कित्येक वर्षं दर महिन्याला येणारच अशी खात्री असल्यामुळे त्यांनी आपापसात वर्गणी काढून महिन्याच्या पैशाची एकरकमी रक्कम केली. दोन वर्षंवाल्यांना हे तेवढं जमलं नाही. म्हणजे प्रश्न 'एकदम की महिन्याला' एवढाच नाही. येणार याची खात्री किती, हाही आहे.

निळी शाई
हे पटलं. आणि इथेच आपल्याकडे घोडं अडतं. लाडकी बहीण जुलै २०२४ पासून महिना १५०० आहे, पण जमा होण्याची ठरावीक तारीख नाही. कधी महिना उलटतो, कधी दोन हप्ते एकत्र येतात, कधी ई-केवायसीसाठी थांबतात. दहा जणींची हजाराची भिशी त्या हप्त्यावर उभी केली, तर हप्ता लांबला की दहाच्या दहा जणींचे पैसे एकदमच थांबतात. मजुरीवरच्या भिशीत निदान एकीचे चुकले तर बाकीच्या सांभाळतात.

भिशी लावायचीच तर थोडे बदल करावेत. वर्गणी हप्त्याच्या निम्मीच ठेवावी, ७५०. पहिल्या महिन्याची वर्गणी वाटायची नाही, ती राखीव. ज्या महिन्यात सरकारचे पैसे लांबतील त्या महिन्यात ती फिरवायची आणि हप्ता आला की भरून काढायची. चिठ्ठ्या टाकू नयेत. पेरणीवालीला मे, शाळेच्या खर्चवालीला जून, घर शाकारणारीला एप्रिल, असा क्रम आधीच बसवून वहीत सह्या घ्याव्यात. आणि सुरुवातीलाच उचलणाऱ्या दोघी अशा असाव्यात ज्यांचं माहेर-सासर याच गावात आहे. बहुतेक भिश्या बुडतात त्या लवकर उचलून गाव सोडणाऱ्यांमुळे.

मधलीसुट्टी
"माहेर-सासर याच गावात" ही अट रिझर्व्ह बँकेनेही घालायला हवी.

पासबुक_नोंद
रिझर्व्ह बँकेची अट आहे, पण वेगळी. २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्मवित्त कर्जदार घराची सगळ्या कर्जांची मिळून महिन्याची परतफेड मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. अडचण अशी की उत्पन्न किती, हे फॉर्म भरणारा अंदाजाने लिहितो. १५०० नियमित येतात म्हटल्यावर गटाच्या बैठकीत नवं कर्ज समोर येतं. मग मदतीचा पैसा पंधरवड्याच्या हप्त्यात जातो आणि घर होतं तिथेच. निळी शाई म्हणतात तशी भिशी चाललेली असेल, तर नव्या कर्जाला नाही म्हणायला निदान एक कारण मिळतं.

खरडेबाज
एवढे पैसे गावात आले की दुकानदार भाव वाढवणार, हे तरी खरं ना?

अंकगणित
तेही मोजलंय. केनियातच, सियाया जिल्ह्यातली ६५३ गावं, साडेदहा हजारांच्या आसपास घरं, प्रत्येकी सुमारे १००० डॉलर. तिथल्या अर्थव्यवस्थेच्या मानाने हा पैशांचा पूर होता. भाववाढ निघाली ०.१ टक्का. आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे परिसरात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली. पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचीही मिळकत वाढली, कारण मिळालेल्यांनी गवंडी लावला, दुकानातून माल नेला. दुकानदाराकडे रिकामा वेळ आणि पडून असलेला माल होता, म्हणून भाव न वाढता विक्री वाढली. जिथे मालच तुटपुंजा, उदाहरणार्थ जुलैतली डीएपी, तिथे हे लागू होईल असं मी म्हणणार नाही.

सातबारा_वाचक
शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सहमत.

टिपणवही
सगळ्यांचं वाचून मूळ घराकडे परत येतो. असं केलं तर? मेच्या शेवटच्या आठवड्यात ७५०० एकदम, बी आणि खताचे. उरलेले १०,५०० बारा महिन्यांत, म्हणजे महिन्याला ८७५, आणि ते ठरलेल्या तारखेला. तारीख वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून द्यायची.

निळी शाई
८७५ सपाट नको. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरला १५०० धरा, ते झाले ४५००. उरतात ६०००, ते नऊ महिन्यांत वाटले तर ६६६ येतात. गोळ्या आणि तेल-डाळीचा थोडा भार ६६६ मध्ये उचलला जातो. वेचणीच्या महिन्यांत मजुरी असतेच.

सातबारा_वाचक
मला चालेल. फक्त बियाण्याच्या विक्रीची तारीख त्या वर्षी काय आहे ते बघा. गुलाबी बोंडअळीसाठी हंगामपूर्व लागवड टाळायची म्हणून कृषी विभाग ती ठरवतो. पैसे त्याआधी चार-पाच दिवस हातात हवेत. फार आधी दिले तर लग्नसराई आहे, आहेर निघतात.

पासबुक_नोंद
मंडळाचा निधी असेल तर एक सोय आहे. आधारवरून पाठवायची गरज नाही, खाते क्रमांक आणि आयएफएससी घेऊन सरळ एनईएफटी करा, एनपीसीआयच्या यादीचा घोळच नाही. आधी १ रुपया पाठवून पासबुकात उमटला का बघा. होल्ड असलेलं खातं घेऊ नका. पैसे काढायला ७५०० एका अंगठ्यात निघतात, मर्यादा १०,००० ची आहे. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात बँकमित्राकडे तेवढी रोकड नसते, सगळेच काढायला येतात. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि दुसरा-चौथा शनिवार टाळा.

टिपणवही
नोंद घेतली. १ रुपयाची युक्ती यादीत घालतो.

मधलीसुट्टी
त्या १ रुपयाचं काय करायचं, यावर वेगळा धागा काढू.